शिंपल्यांचा एका रात्रीचा मुक्काम

१४ डिसेंबर २०२३, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. मांजरा नदी, केज तालुका, आमच्या नकाशावरचे चौथे ठिकाण. गुडघाभर गार पाण्यात उभी राहून मी पायाच्या बोटांनी तळ चाचपत होते आणि काठावरून गयाबाई विचारत होत्या, "आज तरी काय गावलं का, मॅडम?"

हा प्रश्न दर फेरीला ठरलेला असे. विद्यापीठातून एवढ्या लांब येऊन कोणी नुसता चिखल भरून नेत नाही, याबद्दल गावाची खात्री होती. चिखलात काहीतरी असणारच. सांगत नाही, एवढेच. मी शिंपला वर करून दाखवला. गयाबाईंनी तो उलटसुलट पाहिला, मोती नाही याची खातरजमा केली आणि निराश न होता परत दिला.

माझे काम सांगायला सोपे आणि पटवायला अवघड आहे. नदीत शिसे, कॅडमियम, पारा यांसारखे विषारी धातू किती उतरले आहेत, हे मी मोजते. मात्र पाणी मी फारसे मोजत नाही. कोणी काही सोडले तरी ते वाहून पुढे जाते, आणि आपण पोहोचतो तोवर नदी निर्दोष दिसू लागते. गाळाचे तसे नाही. पाण्यातला धातू मातीच्या बारीक कणांना चिकटून तळाशी बसतो, त्यामुळे गाळ अनेक वर्षांचे सांगतो. शिंपला गेल्या काही महिन्यांचे सांगतो. तो तळात अर्धा रुतून आयुष्य काढतो, दिवसभर पाणी आत ओढून गाळून बाहेर टाकतो, त्यातले अन्न ठेवून घेतो आणि धातूही ठेवून घेतो. त्याला पळून जाता येत नाही, म्हणून त्याची साक्ष भरवशाची.

आमच्या भागात नदीतून पिशव्या भरून काही नेणे हे मात्र जोखमीचे काम आहे. पहिल्याच फेरीत एक ट्रॅक्टर काठाशी येऊन थांबला आणि त्यावरच्या दोघांनी मी तहसीलची आहे का, अशी चौकशी केली. मी वाळू तपासायला आले असावे, हा त्यांचा अंदाज. मी म्हटले, वाळू नको, मला गाळ हवा आहे. एकाने दुसऱ्याकडे पाहिले. "गाळ कोन नेतंय बे?" दुसरा म्हणाला, "साहेब लोकांचं काय सांगता येतंय." त्यानंतर ते मला पाहिले की हात करून पुढे जात. आपल्या धंद्याला हिच्यापासून धोका नाही, असे प्रशस्तिपत्र मला त्या नदीवर सर्वांत आधी त्यांनीच दिले.

चौथ्या ठिकाणापासून गयाबाईंचे घर हाकेच्या अंतरावर. त्यांच्या ओसरीवर मी उतरत असे. थोरला मुलगा आणि सून दर हंगामाला ऊसतोडीला जातात, नवरा त्यांच्याबरोबर जातो, आणि कार्तिकापासून घरात गयाबाई एकट्या उरतात. त्या वर्षी मात्र त्यांची मुलगी सारिका जवळ होती. पाचव्या महिन्यात तिला माहेरी आणले होते, कारण तिचा नवराही कोयता घेऊन गेला होता आणि पोटुशी बाई फडात नेण्याची कोणाची तयारी नव्हती. दोन वर्षांपूर्वी ती अशीच माहेरी आली होती आणि सातव्या महिन्यात मूल गेले होते. हे मला गयाबाईंनी, सारिका आल्यानंतरच्या माझ्या पहिल्याच संध्याकाळी, सांगितले, आवाज न बदलता, भाकरी थापता थापता. मग म्हणाल्या, या वेळी मी कुठे कमी पडणार नाही.

त्या खरोखरच कुठे कमी पडत नव्हत्या. सारिकाला पाण्याचा हंडा उचलू देत नसत. तिला आंबट आवडते म्हणून सकाळ-संध्याकाळ ज्वारीची आंबील. आणि बाळंतपणासाठी लेक घरी आली की घरातली सगळी भांडी कल्हई करून घ्यायची, ही त्या घरची रीत. गयाबाईंच्या सासूने ती पाळली होती, गयाबाई पाळत होत्या. चुलीमागच्या फळीवर पितळी पातेल्यांची रांग होती आणि आतून त्या रांगेचा उजेड पडत होता. मी त्याची तारीफ केली होती, हेही नोंदवून ठेवते.

आता शिंपल्यांच्या मुक्कामाबद्दल. नदीतून काढलेल्या शिंपल्याच्या पोटात चिखल असतो. तसाच तो प्रयोगशाळेत नेला तर मांसातला धातू कोणता आणि पोटातल्या चिखलातला कोणता, हे कळत नाही. म्हणून त्याला दिवस-दीड दिवस स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवायचे, म्हणजे पोट रिकामे होते. मी शिंपले प्लास्टिकच्या टबात, बरोबर आणलेल्या पाण्यात, ओसरीच्या कोपऱ्यात ठेवत असे आणि दुसऱ्या ठिकाणाच्या नमुन्यांसाठी निघून जात असे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत येऊन ते बर्फाच्या पेटीत भरायचे. गयाबाईंना हा उपास पटत नसे. दारी आलेल्या पाहुण्यांना कोणी उपाशी ठेवते का, असे त्या सारिकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत. सारिका हसे. ती तेव्हा फारशी हसत नसे, म्हणून हे माझ्या लक्षात राहिले.

जानेवारीत निकाल आले. आमच्या यंत्रात विरघळवलेला नमुना घातला की ते एकाच वेळी अनेक धातूंचे आकडे देते. चौथ्या ठिकाणच्या शिंपल्यांत सप्टेंबरमध्ये एका किलो कोरड्या मांसामागे १.२ मिलिग्रॅम शिसे होते. डिसेंबरमध्ये १९.

हा आकडा पाहून मला आनंद झाला. विचित्र वाटेल, पण या कामात तसेच असते. आगीच्या बंबावरच्या माणसाला जसा घंटेचा आवाज, तसा आम्हाला उसळलेला आकडा. प्रकल्पप्रमुख सरांनी खुर्ची पुढे ओढून विचारले, "वरच्या अंगाला काय आहे?" आमच्या जिल्ह्यात या प्रश्नावर प्रत्येकाचे बोट कुठल्या ना कुठल्या धुराड्याकडे जाते. सरांनी शोधनिबंधाचे शीर्षकही सुचवले. मला ते आवडले होते. मला पुढे जायचे आहे आणि असे आकडे माणसाला पुढे नेतात.

पण त्याच ठिकाणचा गाळ स्वच्छ होता. वरच्या दोन ठिकाणांचे आणि खालच्या एका ठिकाणाचे शिंपलेही स्वच्छ होते. नदीतून शिसे आले असते तर ते एकाच घोळक्याला गाठून बाकीच्यांना ओलांडून कसे गेले? मी पूर्ण तक्ता पुन्हा उघडला. आमच्या प्रकल्पाशी संबंध नसलेल्या, म्हणून कधी न वाचलेल्या रकान्यांपैकी एकात शिशासारखीच उडी दिसली. तो रकाना कथलाचा होता.

कथील मांजरेत येते कुठून? तांब्याचा आणि जस्ताचा आकडाही थोडा चढला होता. तांबे आणि जस्त मिळून पितळ. पितळावर कथील. मी बराच वेळ त्या चार रकान्यांकडे पाहत बसले आणि मला प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यांऐवजी एका फळीवरची चमकणारी रांग दिसू लागली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ज्या दिवशी कोणी घरातून बाहेर पडत नाही त्या किंक्रांतीला, मी केजला एसटीने आणि पुढे जीपने गेले. गयाबाईंनी तिळगूळ हातावर ठेवला. सारिका आत पडून होती. पोटात मुरडा येत होता, तोंडाला चव नव्हती. दोन महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त साडेसातच्या वर जात नव्हते, आणि केजच्या डॉक्टरीणबाईंनी, असेच राहिले तर बाळंतपण इथे करता येणार नाही, असे सांगितले होते. सातवा महिना लागला होता. गयाबाई हे सगळे सांगत होत्या आणि मधून मधून दाराकडे बघत होत्या, जणू त्या महिन्याला आत येऊ द्यायचे नव्हते.

मी विचारले, मागच्या वेळी माझा टब कोणी हलवला होता का?

गयाबाई पदराआड हसल्या. चोरी सापडलेल्या मुलीसारख्या. "तुमी रागावताल म्हनून सांगितलं न्हाई, बाई. मांजर लई घिरट्या घालत होतं टबाभवती. आन थंडी किती. त्या पिलास्टिकात जीव कसे ऱ्हातील? म्या त्यांला मोठ्या पातेल्यात ठिवलं, नव्या कल्हईच्या. वर झाकन घातलं. तुमी यायच्या आदी परत टबात." मग थोड्या अभिमानाने म्हणाल्या, "दुसऱ्या कुनाला म्या त्या पातेल्याला हात लावू देत न्हाई."

कल्हई म्हणजे पितळेवर चढवलेला कथलाचा पातळ थर. शुद्ध कथील निरुपद्रवी असते. पण त्यात स्वस्त शिसे मिसळलेले असेल तर ते पाण्यात थोडे उतरते आणि आंबटात पुष्कळ उतरते. शिंपल्यांनी त्या पातेल्यात एक रात्र आणि एक दिवस काढला होता. त्यांच्या जातीचे काम त्यांनी चोख केले होते: मिळेल ते पाणी गाळून त्यातले विष साठवणे. मी नदीचे म्हणून वाचत होते ते या घराचे होते.

मी चुलीकडे पाहिले. वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या तोंडावर, झाकलेले पातेले होते. आंबील.

किती वेळ ठेवता, असे विचारले. आदल्या संध्याकाळची सकाळी, सकाळची संध्याकाळी. आंबल्याशिवाय तिला चव कशी येणार? मी बाटलीत थोडी आंबील घेतली, पातेल्याचा आतला थर किंचित खरवडला आणि मग सांगितले की या भांड्यांतले आता काही सारिकाला देऊ नका. स्टीलमध्ये करा.

"कावून?" गयाबाईंनी विचारले.

मी सांगितले. शक्य तितक्या साध्या शब्दांत, आणि तरीही ते मला वर्गात बोलल्यासारखेच वाटले. सारिका उठून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली होती. तिने सगळे ऐकले. ती आईकडे बघत नव्हती, आई तिच्याकडे बघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी केजला सारिकाचे रक्त काढून पुण्याला पाठवले. आंबिलीचा आणि खरवडीचा निकाल मी स्वतः काढला. त्या थरात कथलाइतकेच शिसे होते. सारिकाच्या रक्तातल्या शिशाचा आकडा आला २४, डेसिलिटरमागे मायक्रोग्रॅम. रक्तातले शिसे पाचच्या वर गेले की ते कुठून येते हे शोधायचे, असा डॉक्टरांचा संकेत आहे. पाचच्या आत आले म्हणजे सगळे ठीक, असे मात्र नाही. शिशाचा निर्धोक असा आकडाच नाही. आईच्या रक्तातले शिसे नाळेतून बाळाकडे जाते. रक्त वाढू न देणे, पोटात मुरडा, ही त्याचीच कामे. हे सगळे मी डॉक्टरीणबाईंशी बोलले. त्यांनी कॅल्शियम वाढवले, लोह चालू ठेवले आणि दर पंधरवड्याला तपासणीला बोलावले. याहून अधिक काही करण्यासारखे नव्हते. येणारे थांबवायचे आणि आहे ते उतरण्याची वाट पाहायची.

पुढच्या फेरीला गेले तेव्हा भर दुपारी गयाबाई अंगणात बसून राखेने पातेले घासत होत्या. ते आता वापरात नव्हते, तरी घासत होत्या. कल्हई निघून पितळ दिसू लागले होते. मी शेजारी बसले. त्यांनी मान वर न करता विचारले.

"पहिल्या खेपेला बी म्या समद्या भांड्यांला कल्हई केलती. त्याच हातची. मग ते लेकरू बी मीच घालवलं का, बाई?"

माझ्या शिक्षणात या प्रश्नाचा तास नव्हता. नाही म्हणावे, असे फार वाटले. पण ती बाई मी म्हणेन ते खरे मानणार होती, आणि तिच्याशी खोटे बोलायचे असेल तर मग मी एवढी वर्षे काय शिकले? मी म्हणाले, "मावशी, त्या वेळच्या कल्हईचा नमुना माझ्याकडे नाही. रक्ताचा नाही. सातव्या महिन्यात मूल जायला दहा कारणं असतात. आकडा नसताना मी नदीवर आळ घेत नाही, कारखान्यावर घेत नाही. तुमच्यावर कशी घेऊ?"

त्यांनी हात थांबवले. "म्हंजी तुमाला ठावं न्हाई."

"नाही. आणि कुणालाच कधी कळणार नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पातेले उपडे घातले. त्या एका शब्दात दिलासा होता की नव्हता, हे मी आजही ठरवू शकलेले नाही. पण त्या उठल्या, आणि सारिकाला स्टीलच्या वाटीत दूध देऊन आल्या.

कल्हईवाले रशीदचाचा केजच्या आठवडी बाजारात एका लिंबाखाली भाता लावून बसत. मी त्यांच्याकडे फिर्याद घेऊन गेले नव्हते, तरी गयाबाई बरोबर आल्याने त्याला तसे रूप आले. चाचांना कमी ऐकू येते. गयाबाईंना ओरडून सांगावे लागले, आणि असे काही ओरडून सांगणे किती क्रूर होते हे त्यांच्याही लक्षात आले असावे, कारण अर्ध्यावर त्या थांबल्या. चाचांनी पेटीतून कथलाची कांडी काढून माझ्या हातात दिली. वाकवून बघ बेटी, म्हणाले. मी वाकवली. काहीच झाले नाही.

"आवाज आला?"

नाही, असे मी मानेने सांगितले.

चाचा म्हणाले, "अस्सल कथील वाकवलं की करकर बोलतंय. वीस दुकानं फिरून म्या कानाला लावून घेत होतो. कान गेले, तवापासून दुकानवाला द्येतो त्येच घेतो. त्यानं कथील म्हनून दिलं, म्या कथील म्हनून लावलं." गयाबाईंकडे वळून त्यांनी फक्त एवढेच विचारले, "लेक कशी हाय?"

ती कांडी तपासली. निम्म्याहून थोडे कमी शिसे. चाचांनी ती पुन्हा वापरली नाही. बाजारातल्या एका तरुण सोनाराला बरोबर घेऊन, त्याच्या कानांनी, त्यांनी दुसरे कथील आणले. ते मी तपासले आणि ते चांगले होते. पण तोवर बातमी गावोगाव गेली होती. बायकांनी पितळ मोडीत घातले आणि ॲल्युमिनियम घेतले. पुढच्या पावसाळ्यानंतर लिंबाखाली भाता दिसला नाही. माझ्या अहवालात 'स्रोत बंद झाला' असे वाक्य आहे. ते खरे आहे. त्या वाक्यात एका माणसाचा हातचा धंदाही बंद झाला, याला अहवालात जागा नव्हती. इथे आहे, म्हणून लिहिले.

फेब्रुवारीत चौथ्या ठिकाणचे शिंपले पुन्हा घेतले. या वेळी टब खाटेखाली, वर जाळी आणि मांजरासमोर गयाबाई. आकडा आला १.३. नदी त्या आरोपातून सुटली. मी तो सरांना दाखवला. शीर्षक गेले होते. मग त्यांनी विचारले, मुलगी कशी आहे? त्यांना तिचे नाव ठाऊक नव्हते, पण कोणत्या मुलीबद्दल ते विचारत होते हे आम्हा दोघांनाही कळले.

सारिका मार्चअखेर केजलाच बाळंत झाली. रक्त साडेनऊपर्यंत आले होते. मुलगी झाली, रडली, दूध प्यायली. मी आधीच सांगून ठेवले होते, त्याप्रमाणे नाळेतले रक्त तपासायला पाठवले आणि शिशाचा आकडा आला ११. पाचच्या दुपटीहून अधिक. आई-मुलगी दोघी सुखरूप असताना हा आकडा सांगायचा कोणी? मीच सांगितला. सारिकाने बाळाच्या टाळूवर हात ठेवला आणि विचारले, "उतरंल का, ताई?" मी म्हणाले, आत नवे जाणार नाही, म्हणून उतरेल. किती उतरेल ते सहा महिन्यांनी पाहू. त्या सहा महिन्यांत मी पाच फेऱ्या केल्या आणि प्रत्येक फेरीत गाळाच्या पिशव्या बाजूला ठेवून आधी बाळ मांडीवर घेतले. ते माझ्या कामाच्या विवरणात कुठेही नाही.

सप्टेंबरमध्ये बाळाच्या टाचेतून रक्त काढताना गयाबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या. निकाल आला तेव्हा मी नदीत होते. मोबाइल वाजला, मी हात पुसून वाचला. काठावर गयाबाई बाळ कडेवर घेऊन उभ्या होत्या, सारिका त्यांच्या मागे. मी आधी कोरड्या जागी आले.

"पाचाच्या आत हाय का भाईर?" गयाबाईंनी विचारले.

"आत."

त्यांनी बाळाला दुसऱ्या कडेवर घेतले. डोळे भरले होते, पण आवाज पहिल्या संध्याकाळसारखाच कोरा होता.

"नुसतं आत नगं, बाई. आकडा सांगा."

मी त्या दिवशीच्या नोंदींखाली तो आधी लिहिला, आणि मग मोठ्याने वाचला: ४.१.